बेलोरा, बिरसी, शिवणी : छोट्या विमानतळावर खासगी पाहुण्यांची सोय कशी लावायची

मुंबई-दिल्लीत खासगी विमानाने येणाऱ्या पाहुण्याची बडदास्त विकत मिळते. पैसे भरले की वेगळं टर्मिनल, वेगळी खोली, विमानाच्या पायरीपर्यंत गाडी, सगळं हँडलिंग एजन्सी बघते. विदर्भातल्या छोट्या विमानतळावर असा काउंटरच नसतो. तिथे व्हीआयपी सेवा म्हणजे तुम्ही आठवडाभर आधी केलेले फोन, दोन-तीन पत्रं आणि नावांची एक बिनचूक यादी. विमानतळावरची माणसं सहसा सहकार्य करतात. फक्त त्यांना वेळेत आणि कागदावर कळलेलं हवं. संस्थेचा वर्धापनदिन, जिनिंगचं उद्घाटन, लग्न, देवस्थानाचा कार्यक्रम, निमित्त काहीही असो, व्यवस्था तीच.

आधी विमानतळ ठरवा, मग विमान

नागपूरला चोवीस तास काम चालतं, इंधन मिळतं, धावपट्टी लांब आहे, कोणतंही खासगी जेट उतरतं. अमरावतीच्या बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर आहे. १६ एप्रिल २०२५ पासून तिथे मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, त्यामुळे टॉवर, अग्निशमन आणि सुरक्षा तपासणीची घडी बसलेली आहे. गोंदियाचं बिरसी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. धावपट्टी चांगली लांब, पण तिथे वैमानिक प्रशिक्षण चालतं, म्हणजे सकाळच्या वेळेत छोट्या विमानांच्या घिरट्या सुरू असतात आणि तुमच्या विमानाला थोडं थांबावं लागू शकतं. अकोल्याचं शिवणी, यवतमाळ आणि चंद्रपूरचं मोरवा इथे नियमित प्रवासी सेवा नाही. त्यातही मोरव्याची धावपट्टी आखूड आहे. तिथे जेटचा विचारच नको.

वर्धा, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांत विमानतळ नाही. इथे एक हट्ट नेहमी आडवा येतो: पाहुणे शक्य तितके गावाजवळच उतरले पाहिजेत. वर्ध्याच्या कार्यक्रमासाठी बेलोरा धरण्यात काहीच हशील नाही. नागपूर ते वर्धा पाऊणशे किलोमीटर, रस्ता उत्तम, आणि परतीला अंधार पडला तरी विमान निघतं. कारंजा किंवा मेहकरच्या बाजूलाही समृद्धी महामार्गामुळे नागपूरहून गाडीने जाणं आता पूर्वीसारखं जिवावर येत नाही. छोटा विमानतळ तेव्हाच निवडा, जेव्हा रस्त्याचा किमान दीड तास वाचतो आणि कार्यक्रम दिवसाउजेडी संपतो. शेगावसाठी नकाशावर शिवणी सगळ्यात जवळ दिसतं. पण तिथे कोणतं विमान उतरू शकेल हे ऑपरेटरच्या तोंडून ऐकल्याशिवाय पत्रिकेत वेळ छापू नका.

विमान भाड्याने घेताना

पहिला प्रश्न परवान्याचा. भाडं घेऊन प्रवासी नेण्यासाठी ऑपरेटरकडे, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीकडे, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. ऑपरेटरचं नाव तिथे बघा आणि जे विमान येणार आहे त्याचा व्हीटी-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्याच परवान्यावर चढवलेला आहे का, हे लेखी विचारा. ‘ओळखीतल्या उद्योगपतीचं विमान आहे, फक्त पेट्रोलपाण्याचं द्या’ असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून फोन ठेवा. खासगी नोंदणीचं विमान भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

दुसरा प्रश्न विमानाच्या जातीचा. बी-२०० किंग एअरसारखं दोन टर्बोप्रॉप (पंख्याच्या) इंजिनांचं विमान छोट्या धावपट्टीला सोयीचं; सात-आठ माणसं बसतात. जेट वेगवान, पण त्याला धावपट्टी जास्त लागते. आणि विदर्भात उन्हाळ्याचा हिशोब निराळा करावा लागतो. समुद्रसपाटीपासून हजार फुटांवरच्या विमानतळावर पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे पावणेपाच हजार फूट उंचीवर असावी तितकी विरळ होते. पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, धाव लांब. म्हणून डिसेंबरात आठ माणसं घेऊन निघणारं विमान मे महिन्यात दुपारी दोनला सहाच माणसं घेईल, असं वैमानिक सांगू शकतो. तो अडवणूक करत नसतो. एप्रिल ते जूनमध्ये उतरणं आणि निघणं सकाळी दहाच्या आत बसवा, निम्म्या अडचणी तिथेच मिटतात.

तिसरा प्रश्न इंधनाचा. छोट्या विमानतळावर विमानाचं इंधन मिळेल असं गृहीत धरू नका. न मिळाल्यास विमान परतीचं इंधन पोटात घेऊनच येतं, म्हणजे माणसं आणि सामान कमी. किंवा परतताना नागपूरला उतरून भरतं, म्हणजे एक लँडिंग आणि पाऊण-एक तास जास्त. यातलं काय होणार ते दरपत्रकात लिहून घ्या.

दरपत्रक वाचताना ताशी दराकडे नंतर बघा. आधी तास किती लावलेत ते बघा. समजा विमान दिल्लीत उभं असतं आणि पाहुणे मुंबईहून बेलोऱ्याला येऊन त्याच दिवशी परत जाणार आहेत. तर दिल्ली ते मुंबई रिकामं, मुंबई ते बेलोरा, बेलोरा ते मुंबई, आणि मुंबई ते दिल्ली पुन्हा रिकामं, अशा चारही टप्प्यांचे पैसे तुम्हाला लागतात. तेच विमान मुंबईत उभं असेल तर दोनच टप्पे. म्हणून सगळ्यात कमी ताशी दर सांगणारा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त नसतो. शिवाय रोजचे किमान उड्डाणतास, मुक्काम पडला तर वैमानिकांची राहण्याची सोय, लँडिंग-पार्किंग, हँडलिंग, वेळेबाहेर विमानतळ उघडा ठेवल्याचा आकार आणि वर १८ टक्के जीएसटी. हे सगळं धरून एकच आकडा मागा.

सूर्यास्तापासून मागे मोजा

छोट्या विमानतळाचं कामकाज ठरलेल्या तासांत चालतं. त्याला वॉच अवर्स म्हणतात. रात्री उतरण्या-निघण्याची सोय आहे का, असली तर त्या दिवशी चालू आहे का, हे ऑपरेटरकडून लेखी घ्या. नसेल तर सूर्यास्त ही भिंत समजा. नोव्हेंबर-डिसेंबरात अमरावतीकडे सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, गोंदियात त्याहून आठ-दहा मिनिटं आधी. जूनअखेर हीच वेळ सातपर्यंत जाते.

डिसेंबरचा हिशोब असा लागतो. विमान पाचला हललेलं हवं, म्हणजे पाहुणे साडेचारला विमानतळावर हवेत. गाव चाळीस किलोमीटरवर असेल तर एरवी तासाभराचा रस्ता. पण कापसाचा हंगाम असतो, जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि मेटॅडोरची रांग अर्धा रस्ता खाते. दीड तास धरा. म्हणजे पाहुण्यांनी तीनला मंडप सोडायचा. एक वाजता सुरू व्हायची ठरलेली सभा आपल्याकडे दोनला सुरू होते, हे सगळ्यांना माहीत आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मंचावरच्या बावीस जणांचे शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि प्रमुख पाहुणे शेवटी! ही पत्रिका विमानाने येणाऱ्या पाहुण्याला चालत नाही. दीपप्रज्वलन झालं की त्यांचा सत्कार, लगेच त्यांचं भाषण, आणि ते निघाल्यावर बाकीचे सत्कार. संचालक मंडळाला हे आदल्या दिवशी पटवून ठेवा, मंचावर पटत नाही.

सकाळच्या बाजूलाही एक भिंत आहे. थंडीत, विशेषतः गोंदियाच्या तलावांच्या पट्ट्यात, धुकं पडतं. नजरेच्या आधारावर उडायला किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते; ती नसेल तर विमान निघतच नाही, नाहीतर नागपूरला वळतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठचं आगमन ठरवू नका, दहाचं ठरवा. आणि नागपूरला एक गाडी व ड्रायव्हर तयार ठेवा. हे फुकट गेलं तर जाऊ द्या.

मुंबईहून निघायची वेळही आपल्या हातात नसते. तिथे गर्दीच्या तासांत खासगी विमानांवर निर्बंध असतात, त्यामुळे ऑपरेटर देईल तोच स्लॉट, म्हणजे उड्डाणाची ठरवून मिळालेली वेळ. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला आधीच सांगा की खासगी विमानांचं टर्मिनल कालिन्याच्या बाजूला आहे. तो सवयीने टी-२ ला गाडी लावतो आणि तिथून फोन येतो की विमान दिसत नाही.

कोणाला काय, कधी कळवायचं

उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षण मंजुरीचा एडीसी क्रमांक, विमानतळाकडे उतरण्याची परवानगी ही सगळी ऑपरेटरची कामं. त्यात आपण हात घालायचा नाही. झालं का, एवढंच विचारायचं. आपली कामं जमिनीवरची.

सात दिवस आधी विमानतळाच्या व्यवस्थापकांना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र. बिरसी आणि शिवणी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत, बेलोरा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे; पत्र त्या-त्या ठिकाणी. त्यात तारीख, ऑपरेटरचं नाव, विमानाची जात, अंदाजे वेळा, पाहुण्यांचं पद, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते एकेका ओळीत. ‘योग्य ते सहकार्य करावे’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर कोणी काहीच करू शकत नाही. ‘आगमनावेळी तीन व्यक्तींना प्रवेश, बसायला खोली वीस मिनिटं, एक व्हीलचेअर’ असं लिहा. नियमित विमान येतं त्या वेळेच्या आगेमागे तास-दीड तास टाळा. तीच माणसं दोन्हीकडे धावू शकत नाहीत.

याच सुमारास पोलीस अधीक्षक कार्यालयाला कळवा. पाहुणे मंत्री किंवा सुरक्षा कवच असलेले असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयालाही. त्यांचा दौरा शासकीय असल्यास राजशिष्टाचाराची यंत्रणा स्वतः हलते, मग तुम्ही वेगळं काही जमवायचं नसतं, फक्त त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालायचं.

दोन दिवस आधी यादी. प्रवाशांची नावं ओळखपत्रावर जशी आहेत तशीच. गावात ‘बापूसाहेब’ म्हणून ओळखले जाणारे आधार कार्डावर वेगळ्याच नावाने असतात, आणि दारावरचा जवान कागदच बघतो. आत स्वागताला येणाऱ्यांची नावं, मोबाइल क्रमांक, ओळखपत्राच्या प्रती वेगळ्या पानावर. पाच नावांच्या वर जाऊ नका. ऐनवेळी ‘अध्यक्षांचे मेहुणेही आहेत’ हा प्रकार दारावर संपूर्ण स्वागत अडवून ठेवतो, म्हणून यादीतली नावं ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि त्याचाच नंबर सगळीकडे द्या.

आदल्या संध्याकाळी वैमानिकाचा किंवा ऑपरेटरच्या ऑपरेशन्स डेस्कचा फोन घ्या. सकाळी विमान चाकं उचलतं तेव्हा त्यांचा मेसेज येईल अशी सोय करा. ‘निघालो’ म्हणजे घरून निघाले, की विमान उडालं, हे दोनदा विचारा.

गाडी विमानाजवळ नेता येते का?

बहुतेक वेळा नाही. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवर, परवानगी असलेली वाहनं आणि तिथे चालवण्याची परवानगी असलेलेच चालक जातात. विनंती केल्यास विमानतळ स्वतःची गाडी देऊ शकतो. छोट्या इमारतीपासून विमान शे-दीडशे पावलांवर उभं राहतं, चालत जाणं काही अवघड नसतं. अडचण गुडघेदुखीच्या पाहुण्यांची. किंग एअरचं दार म्हणजेच जिना, पायऱ्या अरुंद आणि कठडा नाजूक. वर उचलणारं यंत्र छोट्या ठिकाणी मिळेलच असं नाही, म्हणून पायरीपाशी दोन धट्टी माणसं यादीत घालून ठेवा. हार घेऊन येणाऱ्या दोघांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

ढोल-ताशा, लेझीम, फुलांच्या पाकळ्या, फटाके, फुगे सगळं फाटकाच्या बाहेर, आणि शक्य तर फाटकापासून लांब. कागदाचा तुकडा किंवा सुटा कपडा इंजिनात गेला तर विमान जागेवर बसतं. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही. एप्रनवर व्हिडिओ काढायला वेगळी परवानगी लागते. रील करणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याला बाहेरच थांबवा.

खोलीबद्दल थोडक्यात. ती आदल्या दिवशी स्वतः बघा: एसी, पंखा, नळाला पाणी, स्वच्छतागृहाची कडी. वीज गेली तर जनरेटर या खोलीलाही आहे का, ते विचारा. वैमानिकांनाही बसायला जागा, पाणी आणि जेवण लागतं, ते सगळे विसरतात. दोन्ही वैमानिकांना वेगवेगळं जेवण द्या. एकाच पदार्थाने दोघांचंही पोट बिघडू नये म्हणून ही रीत आहे. त्यांना सावजी खिलवायची हौस परतीनंतर कधीतरी भागवा.

बंद धावपट्टीवर उतरायचं असेल तर

नियमित सेवा नसलेल्या ठिकाणी टॉवर, अग्निशमन, तपासणी यातलं काय आहे आणि काय बाहेरून आणायचं, याची यादी ऑपरेटर देतो. सहसा नगर परिषदेचा किंवा एमआयडीसीचा फोम असलेला बंब, रुग्णवाहिका आणि पोलीस बंदोबस्त आणावा लागतो. बंबाला लेखी पत्र आणि शुल्क आधी. त्या दिवशी तालुक्यात आग लागली तर बंब तिकडे जाणार, त्यामुळे दुसरा पर्याय विचारून ठेवा. धावपट्टीवरचे खडे झाडून घ्यावे लागतात. आणि रोही, म्हणजे नीलगाई! कुंपणाच्या एका फटीतून कळप आत येतो आणि सकाळच्या उन्हात धावपट्टीच्या कडेच्या गवतात बसतो. विमान येण्याच्या अर्धा तास आधी जीपने दोन्ही टोकांपर्यंत एक फेरी हवीच, आणि विमान थांबेपर्यंत दोन्ही बाजूंना माणूस हवा.

हेलिकॉप्टर घ्यायचं ठरलं तर

गडचिरोलीच्या आत किंवा मेळघाटात विमानतळापेक्षा हे बरं. तात्पुरत्या हेलिपॅडला जिल्हा प्रशासनाची परवानगी, बांधकाम विभागाकडून जागेची पाहणी, बंब, रुग्णवाहिका आणि बंदोबस्त लागतो. जागा निवडताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारा सगळ्यात आधी बघा, त्या वैमानिकाला उशिरा दिसतात. काळ्या मातीचं वावर पाऊस पडून गेल्यावर आठवडाभर तरी नको. वरून वाळलेलं दिसतं, चाक किंवा स्किड (चाकांऐवजी असलेली दांडी) रुततं. मुरमाचं शाळेचं मैदान चांगलं. तिथे आदल्या संध्याकाळी आणि सकाळी टँकरने पाणी मारा, पण चिखल होईल इतकं नाही. पाणी न मारल्यास शेवटच्या पंधरा-वीस फुटांत धुळीचा लोट उठतो आणि वैमानिकाला जमीनच दिसत नाही.

फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) गोल आखून मध्ये एच लिहा, पण फक्की ओली करून थापा. कोरडी उडून पहिल्या फेरीतच निशाण पुसलं जातं. कडेला वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर कापड. लाल गालिचा, खुर्च्यांची कव्हरं, मंडपाची झालर यातलं काहीही जवळ नको. जागेचे अक्षांश-रेखांश वैमानिकाला कोणत्या पद्धतीत हवेत ते विचारा. मोबाइलवर ते दशांशात दिसतात, वैमानिक अंश-मिनिटांत मागतो, आणि बदलताना झालेल्या चुकीने हेलिकॉप्टर शेजारच्या गावावर घिरट्या घालतं. पिनचा फोटो पाठवण्यापेक्षा आकडे टाइप करून पाठवा आणि परत वाचून घ्या.

परतीला

सुरक्षा तपासणीतून सूट असलेल्या पदांची यादी सरकारने ठरवलेली आहे. त्यात संस्थेचे अध्यक्ष नाहीत, त्यामुळे भाड्याच्या विमानाने जाणाऱ्यांचीही तपासणी होते. अंगरक्षकाकडे शस्त्र असेल तर ते ऑपरेटरला आधीच कळवलेलं हवं. सत्कारात मिळालेली तलवार, गदा, कट्यार केबिनमध्ये जात नाही. सुकं खोबरं विमानात नेत नाहीत, ते पेट घेऊ शकतं. संत्र्याची पेटी द्यायची तर वजन आधी वैमानिकाला सांगा. छोट्या विमानात पंचवीस किलोही मोजावे लागतात, आणि कडक पेटीपेक्षा मऊ पिशवी आत बसते. उन्हात चार तास उभ्या विमानाची केबिन भट्टी झालेली असते. इंजिन बंद असताना एसी चालवायला बाहेरची वीज लागते, ती तिथे आहे का हे आधीच विचारलेलं बरं. नसेल तर खिडक्यांना पडदे लावून ठेवायला सांगा आणि थंड पाण्याच्या बाटल्या शेवटच्या क्षणी चढवा.

विमान उडालं की सगळ्या गाड्या लगेच सोडू नका. काही बिघाड किंवा हवामानामुळे परत वळावं लागलं तर पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. बंब आणि रुग्णवाहिकाही तोवर थांबवा. बिल आल्यावर तास मोजताना चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतचा वेळ धरला जातो, हवेतला नव्हे; टॅक्सी आणि थांबणं धरून प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं वाढतात. तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळांशी ते ताडून बघा, आणि विमानतळाच्या आकारांच्या मूळ पावत्या मागा, कारण हँडलिंगच्या नावाखाली तेच आकार दुसऱ्यांदा लागलेले सापडतात.